लाखात एका क्षणाचा पाठलाग

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची सरकारी नावं बदलली. त्यात आमचं बेळगावही होतं. त्या तारखेबद्दल सीमाभागात काय काय बोललं जातं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. मला मात्र त्या बदलातली एक वेगळीच गोष्ट आजही खुणावते. कॅम्पातल्या कचेऱ्यांच्या, बँकांच्या पाट्या बदललेल्या सगळ्यांना दिसल्या. त्याच्या कितीतरी पट मोठं काम कुणालाही न दिसता झालं असणार. बँकांची खाती, विम्याच्या पॉलिसी, कॉलेजांचे दाखले, गॅसची जोडणी, जिथे म्हणून ‘गाव’ नावाचा रकाना होता तिथे कुणीतरी, कधीतरी, एका ओळीची आज्ञा दिली असणार: जुनं नाव असेल तिथे नवं घाला. स्टेशनचा बीजीएम हा रेल्वे कोड तसाच राहिला, मुख्य टपाल कार्यालयाचा ५९०००१ हा पिनकोड तसाच राहिला, नाव तेवढं बदललं.

ती एक ओळ डेटाबेसच्या आत गेल्यावर काय होतं, हे समजलं तेव्हा मी थक्क झालो. त्याहून थक्क झालो ते हे कळल्यावर की, ती ओळ आजही कालच्यासारखीच चालते ना, हे जगात कुठे ना कुठे यंत्रं रात्रंदिवस तपासत असतात. एखाद्या गावाचं नाव बदलताना कुणाचं खातं हरवलं नाही, यामागे या तपासणीचा मोठा वाटा आहे. तिचं नाव रिग्रेशन टेस्टिंग. नवं काही जोडताना जुनं मोडलं का, एवढं एकच ती विचारते, पण हजारो प्रकारे आणि न कंटाळता.

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस घेऊ. तो मोफत आहे आणि त्याचा आतला सगळा कोड कुणालाही वाचता येतो, म्हणून त्याच्या पोटातलं आपल्याला दिसू शकतं. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेस सुरू केला. १९९६ पासून तो आजच्या नावाने ओळखला जातो आणि जगभरचे लोक मिळून तो लिहितात. त्याच्या कोडमध्ये दोन फोल्डर शेजारीशेजारी आहेत. एकात प्रश्न आहेत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा. दुसऱ्यात त्या प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आहे, अगदी रिकाम्या जागेसकट. ‘मेक चेक’ असं टाइप केलं की एक ताजा डेटाबेस उभा राहतो, सगळे प्रश्न त्याला विचारले जातात आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं जातं. एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी तो फरक वेगळ्या फाइलमध्ये लिहून यंत्र तुमच्यासमोर ठेवतं.

या प्रश्नांतला मजकूर वाचणं हा एक वेगळाच आनंद आहे. त्यात ‘टेनके१’ नावाचं दहा हजार ओळींचं टेबल आहे. त्याची रचना विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जुन्या वेगमापन चाचणीवरून घेतलेली. त्यात कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांची यादीही आहे, बर्कलीच्या दिवसांपासून आलेली. ती यादी लिहिणारे कधीच दुसऱ्या कामाला लागले, पण ५८० क्रमांकाचा त्यांच्या भागातला महामार्ग आजही टोकियोतल्या, प्रागमधल्या, पुण्यातल्या संगणकांवर रोज शोधला जातो आणि रोज सापडावा लागतो.

एका यंत्रावर सगळं बरोबर आलं म्हणजे झालं असंही नाही. वेगळा प्रोसेसर, वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळा कंपायलर मिळाला की तोच कोड वेगळा वागू शकतो. म्हणून २००४ मध्ये अँड्र्यू डन्स्टन यांनी ‘बिल्डफार्म’ उभा केला. जगभरचे स्वयंसेवक आपापली यंत्रं त्यात जोडतात, आणि तो फार्म असल्यामुळे प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव मिळतं. कुणी कोडमध्ये बदल केला की ही जनावरं तो आपापल्या सवडीने उतरवून घेतात, बांधतात, सगळ्या चाचण्या चालवतात आणि निकाल कळवतात. ‘स्किंक’ नावाचं एक यंत्र मेमरीतला प्रत्येक स्पर्श तपासत अतिशय सावकाश चालतं. आपण ज्या बदलावर विश्वास ठेवतो, तो आधी या सगळ्या जनावरांच्या तोंडातून गेलेला असतो.

अपेक्षित उत्तर अक्षर न् अक्षर जुळावं म्हटलं की एक अडचण लगेच समोर येते, आणि ती आम्हा बेळगावकरांच्या अगदी नावातच बसली आहे. ती म्हणजे ळ.

काळे, कासार, कानडे ही तीन आडनावं अकारविल्हे लावा. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून आपण कानडे, कासार, काळे असं लावू. कन्नड वर्णमालेतही ळ ची जागा ह नंतरच आहे, तेव्हा निपाणीपासून धारवाडपर्यंत या बाबतीत कुणाचं दुमत नसावं. पण संगणकाच्या युनिकोड तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे ठेवला आहे. त्या तक्त्याच्या क्रमाने लावलं तर कानडे, काळे, कासार असा क्रम येतो. दोन्ही क्रम आपापल्या नियमाने बरोबर आहेत. मग चाचणीने कुठला बरोबर मानायचा? पोस्टग्रेसच्या चाचण्यांत याचं साधं उत्तर आहे: काही प्रश्नांना एकाहून अधिक अपेक्षित उत्तरं ठेवलेली आहेत. यंत्राचा भाषेचा नियम कोणता आहे त्यानुसार त्यातलं कुठलंही एक जुळलं तरी चालतं.

क्रम बदलणं ही वाटते तितकी वरवरची गोष्ट नाही. डेटाबेस लाखो ओळींतून एक ओळ चटकन काढतो तो इंडेक्सच्या जोरावर. इंडेक्स म्हणजे रकान्यातल्या सगळ्या किमती क्रमाने लावून ठेवलेली, फांद्याफांद्यांची रचना. शोधताना प्रत्येक फाट्यावर एकच तुलना होते: हवं ते याच्या आधी, की नंतर? आता समजा, इंडेक्स बांधला तेव्हा क्रम कानडे, काळे, कासार असा होता आणि नंतर ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली व नियम बदलला. तुम्ही काळे शोधता. यंत्र कासारपाशी येतं, नव्या नियमाने काळे कासारच्या नंतर, म्हणून पुढच्या फांदीत जातं. तिथे काळे नाहीत. ‘असं कुणी नाही,’ असं उत्तर येतं. काळ्यांची ओळ जागच्या जागी आहे, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी चुकली. त्याहून वाईट म्हणजे ‘एका नावाचं एकच खातं’ असा नियम असेल, तर यंत्र दुसऱ्या काळ्यांनाही खुशाल आत घेईल.

माझं उदाहरण कल्पनेतलं आहे, पण असं संकट खरोखर आलं होतं. लिनक्सच्या मुळाशी असलेल्या जीलिबसी या लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिने क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. ‘११’ आणि ‘१-१’ या दोन मजकुरांत अमेरिकन इंग्रजीच्या नियमाने आधी ‘११’ पहिला येत होता, नंतर ‘१-१’ पहिला येऊ लागला. घर क्रमांकाचा रकाना डोळ्यासमोर आणा, म्हणजे हे किती जवळचं आहे ते कळेल. डेटाबेसच्या कोडची एक ओळही न बदलता डेटाबेस चुकायला लागला. म्हणून पोस्टग्रेसने २०२२ मध्ये, पंधराव्या आवृत्तीत, प्रत्येक डेटाबेसबरोबर तो कुठल्या क्रमनियमाच्या आवृत्तीवर बांधला गेला हे लिहून ठेवायला सुरुवात केली. नियम बदललेला दिसला की यंत्र आता स्वतःहून इशारा देतं.

इथपर्यंतच्या चुका निदान पुन्हा करून पाहता येतात. तोच प्रश्न विचारा, तेच चुकीचं उत्तर येईल. आता येतो तो प्रकार मला सगळ्यात जास्त भारून टाकतो. त्यात चूक लाखात एखाद्या वेळी होते आणि आपण पाहायला गेलो की होत नाही. यातली सगळ्यात विलक्षण कथा एका मराठी नावाभोवती घडली आहे.

पवन देवलसी हे पोस्टग्रेसच्या जगात मानाने घेतलं जाणारं नाव. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. एंटरप्राइझडीबी या कंपनीत असताना त्यांनी पोस्टग्रेसमध्ये ‘हॉट’ नावाची युक्ती आणली. ती ४ फेब्रुवारी २००८ रोजी आलेल्या ८.३ या आवृत्तीत दाखल झाली. तिची गरज समजण्यासाठी पुन्हा आपल्या नावबदलाकडे येऊ.

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही. नवी ओळ वेगळी लिहिली जाते आणि जुनी काही काळ तशीच राहते, कारण त्याच वेळी दुसरं कुणीतरी जुनं चित्र पाहत हिशेब करत असू शकतं. त्याच्या पायाखालून ओळ काढून घेणं बरोबर नाही. पण नवी ओळ नव्या जागी लिहिली म्हणजे टेबलावर जितके इंडेक्स आहेत तितक्या सगळ्यांत नवी नोंद करावी लागते. फोन नंबरच्या इंडेक्सला गावाच्या नावाशी काही देणंघेणं नाही, तरी त्यालाही नवी नोंद. लाखो ओळी रोज बदलत असतील तर हे ओझं फार होतं.

शहापूरच्या एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करा. कुळकर्ण्यांचं बिऱ्हाड पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेलं. वाडा तोच, दार तेच. टपालखात्याच्या वहीत पत्ता बदलायची काय गरज? पुढच्या खोलीच्या दारावर ‘कुळकर्णी आता मागे’ अशी चिठ्ठी लावली की पोस्टमन बरोबर मागे जाईल. देवलसींची युक्ती हीच आहे. पोस्टग्रेस आपला डेटा आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो. नवी ओळ त्याच पानात मावत असेल, आणि बदललेल्या रकान्यावर एकही इंडेक्स नसेल, तर इंडेक्सना हात लावायचा नाही. जुन्या ओळीपासून नवीकडे एक दुवा ठेवायचा, एवढंच. दुसरी अट नीट लक्षात ठेवा. बदललेल्या रकान्यावर इंडेक्स असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण मग वहीत ज्या नावाने नोंद आहे ते नावच खोटं ठरतं.

आता दुसरं पात्र. मोठ्या टेबलावर नवा इंडेक्स बांधायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ लोकांचे व्यवहार थांबवता येत नाहीत. म्हणून पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ अशी आज्ञा आहे: व्यवहार चालू ठेवूनच इंडेक्स बांध. ती फार सावध चालते. आधी ‘गाव या रकान्यावर इंडेक्स येत आहे’ अशी फक्त घोषणा करते, जुने चालू व्यवहार संपेपर्यंत थांबते, आणि मगच बांधायला घेते. घोषणा ऐकल्यानंतर कुणीही गाव बदलताना हॉटची युक्ती वापरायची नाही, असा करार आहे.

करार सगळ्यांपर्यंत कसा पोचतो? डेटाबेसला जोडलेली प्रत्येक प्रक्रिया या टेबलाच्या कुठल्या रकान्यांवर इंडेक्स आहेत याचं एक टिपण स्वतःच्या मेमरीत ठेवते. घोषणा झाली की सगळ्यांना निरोप जातो: टिपण फाडा, नवं करा. हे वर्षानुवर्षं चोख चालू होतं.

जानेवारी २०१७ मध्ये देवलसी एका नव्या कल्पनेवर काम करत होते. हॉटच्या पुढचं पाऊल म्हणावं अशी ती होती, तिचं नाव ‘वॉर्म’. ती पक्की आहे का हे पाहण्यासाठी ते तिच्यावर प्रचंड भार टाकून चाचण्या घेत होते, आणि त्यांना एक विसंगती दिसली. टेबल अथपासून इतिपर्यंत वाचलं तर एक उत्तर येत होतं, इंडेक्समधून गेलं तर दुसरं. त्यांना साहजिकच वाटलं की आपल्याच नव्या कोडमध्ये चूक आहे. बराच शोध घेतल्यावर वेगळंच निघालं: वॉर्म नसलेल्या मूळ पोस्टग्रेसमध्येही ती चूक होती. मागे मागे जात २०१२ मधल्या ९.२ या आवृत्तीपर्यंत तपासलं, तिथेही होती. इतकी वर्षं जगभर वापरात असलेला कोड, प्रत्येक बदलानंतर हिरवा निकाल देणाऱ्या त्या सगळ्या चाचण्या, आणि त्या सगळ्यांच्या मधून ही चूक बिनबोभाट निघून गेलेली.

चूक कुठे होती? टिपण फाडण्याच्या निरोपात. एखादी प्रक्रिया टिपण तयार करत बसली आहे. इंडेक्सची यादी तिने घेतली, आता एकेक इंडेक्स उघडून त्याचे रकाने लिहून घेते आहे. नेमक्या त्याच वेळी निरोप आला. प्रक्रियेने आज्ञाधारकपणे आधीचं काय होतं ते फाडलं, आणि मग हातातलं अर्धवट काम पूर्ण करून तेच ताजं टिपण म्हणून ठेवून दिलं. ते ताजं नव्हतं, कारण त्याची यादी निरोपाच्या आधीची होती. आता या प्रक्रियेच्या लेखी गाव या रकान्यावर इंडेक्स नाहीच. ती निवांतपणे हॉटची युक्ती वापरून एखाद्या ओळीत ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ करते. नव्या इंडेक्समध्ये ती ओळ ‘बेळगाव’ याच नावाखाली बसते. पुढे कुणी इंडेक्समधून ‘बेळगावी’ शोधलं तर तो माणूस सापडत नाही. ‘बेळगाव’ शोधलं तर सापडतो, आणि त्याच्या ओळीवर मात्र ‘बेळगावी’ लिहिलेलं असतं!

हे घडायला किती गोष्टी एकत्र याव्या लागतात पाहा. त्या रकान्यावर आधी इंडेक्स नसावा, नवा व्यवहार चालू ठेवून बांधला जावा, त्याच सुमारास कुणीतरी नेमका तोच रकाना बदलावा, आणि निरोप टिपणाच्या ऐन मध्यात यावा. तो मधला काळ डोळ्याची पापणी लवण्याच्याही कितीतरी आत संपतो. प्रश्न आणि अपेक्षित उत्तर शेजारीशेजारी ठेवणारी चाचणी एका वेळी एक आज्ञा देते. तिच्या वाट्याला तो क्षण येणारच नव्हता. ९ फेब्रुवारी २०१७ रोजी पोस्टग्रेसने ९.२ पासून ९.६ पर्यंतच्या पाचही चालू आवृत्त्यांत दुरुस्ती एकदम प्रसिद्ध केली. दुरुस्तीच्या श्रेयात पवन देवलसी आणि टॉम लेन ही दोन नावं आहेत, आणि अशा रीतीने बांधलेले इंडेक्स पुन्हा बांधून घ्या, असा सल्ला त्याबरोबर दिला होता. नव्या कल्पनेची परीक्षा घेता घेता एका माणसाला जुन्या पायातली भेग सापडली. वॉर्म पुढे पोस्टग्रेसमध्ये आलंच नाही. माझ्या मते, त्याच्या चाचणीने दिलेली ही एक भेट त्या सगळ्या खटपटीचं चीज करणारी आहे.

मग प्रश्न असा की, असा क्षण मुद्दाम घडवता येईल का? येतो, आणि त्यासाठी लोकांनी जे केलंय ते पाहून मी हरखून जातो. पोस्टग्रेसमध्ये २०११ पासून चाचण्यांचा एक वेगळा संच आहे. त्यात दोन-तीन प्रक्रिया एकदम उभ्या करतात, प्रत्येकीचं काम पायऱ्यापायऱ्यांत तोडतात आणि त्या पायऱ्या वेगवेगळ्या क्रमांनी गुंफून पाहतात. आधी हिची एक, मग तिच्या दोन, मग पुन्हा हिची. दुसरी सोय कोडच्या पोटातच आहे. ती चालू केली की निरोप येण्याची जिथे जिथे शक्यता आहे तिथे तिथे यंत्र असं धरून चालतं की निरोप आलाच, आणि दर वेळी सगळी टिपणं फाडतं. नेहमीच्या चाचण्यांना यात सुमारे शंभरपट वेळ लागतो. याचाच एक कडक प्रकार आहे, त्यात टिपण नव्याने करत असतानाही पुन्हा फाडतात. त्याला किमान दहा हजारपट वेळ लागतो असं कोडमध्येच लिहून ठेवलंय. एका मिनिटाच्या कामाला जवळजवळ सात दिवस! बिल्डफार्ममध्ये शंभरपटीचा प्रकार पत्करून आपली यंत्रं चालवणारे स्वयंसेवक आहेत. कुणाला कधी भेटणार नाही अशा क्षणासाठी विजेचं बिल भरणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

२०२४ च्या सतराव्या आवृत्तीत यात भर पडली. कोडमध्ये ठरावीक ठिकाणी नाव देऊन खुणा करता येतात आणि चाचणी सांगू शकते, ‘या खुणेपाशी आलास की थांब.’ प्रक्रिया थांबते, दुसरी पुढे जाते, मग पहिलीला सोडायचं. पापणी लवण्याच्या आतला काळ हवा तितका ताणता येतो.

तरीही हा पाठलाग संपत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत याच ‘कन्करंटली’ आज्ञेशी संबंधित एक वेग वाढवणारी सुधारणा होती. चालू इंडेक्सबांधणीकडे दुर्लक्ष करून जुन्या ओळी लवकर साफ करता येतील, अशी तिची कल्पना. तिच्यामुळे पानातल्या हॉटच्या साखळ्या वेळेआधीच छाटल्या जाऊन काही ओळी नव्या इंडेक्समधून निसटू लागल्या. १६ जून २०२२ रोजी वेळापत्रक मोडून १४.४ ही आवृत्ती काढावी लागली आणि ती सुधारणा मागे घेतली गेली. तीच आज्ञा, तोच हॉट, पाच वर्षांनी वेगळ्या वाटेने आलेली तशीच इजा. आज इंडेक्समध्ये प्रत्येक ओळीची नोंद खरोखर आहे का हे ओळ न् ओळ जुळवून पाहणारं ‘ॲमचेक’ नावाचं साधन पोस्टग्रेसबरोबर मिळतं. त्याच्या चाचण्यांत भार चालू ठेवून ‘कन्करंटली’ इंडेक्स बांधतात आणि लगेच जुळवणी करतात.

हा सगळा सर्व्हरवरच्या डेटाबेसचा प्रकार झाला. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही एक डेटाबेस आहे, एसक्यूलाइट नावाचा. व्हॉट्सॲपचे संदेश त्यातच राहतात. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तो सुरू केला आणि मोजक्या माणसांनी तो सांभाळला आहे. त्याच्या चाचण्यांचा आकडा वाचून मी पुन्हा वाचला होता. मे २०२३ च्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा, आणि चाचण्यांचा कोड सुमारे ९ कोटी २० लाख ओळींचा. ५९० पट! विमानातल्या सॉफ्टवेअरला लावतात त्या कसोटीने त्याची तपासणी होते: कोडमधला प्रत्येक निर्णय दोन्ही बाजूंनी झालेला पाहायचा, आणि त्या निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल फिरवू शकते हेही दाखवायचं.

त्यातली मेमरी संपण्याची चाचणी तर मला पाठ झाली आहे. एखादं काम करताना एसक्यूलाइट अनेकदा मेमरी मागतो. चाचणी त्याला पहिल्याच मागणीला खोटंच ‘नाही’ म्हणते आणि पाहते, डेटा शाबूत राहिला का? मग तेच काम पुन्हा, या वेळी दुसऱ्या मागणीला नकार. मग तिसऱ्या. काम एकही नकार न येता पूर्ण होईपर्यंत हे चालतं. मग सगळं पहिल्यापासून, या वेळी एकदा नकार आला की पुढच्या प्रत्येक मागणीला नकार. वीज जाण्याचंही तसंच नाटक करतात: डिस्कवर अर्धं लिहून झालंय, उरलेलं उलटसुलट पोचलंय, आता उघड पाहू. पावसाळ्यात बेळगावात दिवे जातात तेव्हा मोबाइल चार्ज न झाल्याने बंद पडतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर शेवटचा संदेशसुद्धा जागेवर असतो. तो तसा राहावा म्हणून ही वीज कुणीतरी आधी असंख्य वेळा घालवून पाहिली आहे.

आता उरतो मूळचाच एक कठीण प्रश्न. अपेक्षित उत्तराची फाइल कुणीतरी माणसाने लिहिली, किंवा निदान डोळ्यांखालून घातली. यंत्राने स्वतःच कोट्यवधी नवे प्रश्न तयार केले तर त्यांची बरोबर उत्तरं कोण सांगणार?

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात असताना मान्युएल रिगर आणि झेनडाँग सू यांनी याला फार सुंदर वळण दिलं. उत्तर माहीत असण्याची गरजच त्यांनी काढून टाकली. एक टेबल घ्या आणि कुठलीही, कितीही वेडीवाकडी अट घ्या. डेटाबेसच्या तर्कशास्त्रात प्रत्येक ओळीसाठी ती अट खरी असते, खोटी असते, नाहीतर माहीत नसते, कारण रकाना रिकामा असू शकतो. चौथी शक्यता नाही. म्हणजे अट खरी असलेल्या ओळी, खोटी असलेल्या आणि माहीत नसलेल्या अशा तिन्ही मागवून एकत्र केल्या की मूळ टेबल जसंच्या तसं परत यायला हवं. एक ओळ कमी आली किंवा जास्त आली, तर डेटाबेस कुठेतरी चुकला. बरोबर उत्तर काय होतं हे कुणालाही माहीत नसताना चूक पकडली जाते! २०२० च्या सुमारास त्यांनी अशा युक्त्या चालवल्या आणि वर्षानुवर्षं घासूनपुसून वापरलेल्या डेटाबेसमध्ये शेकडो चुका सापडल्या. एवढ्या चाचण्या असलेल्या एसक्यूलाइटमध्येही सापडल्या आणि एसक्यूलाइट सांभाळणाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या.

पवईला मुंबईच्या आयआयटीत एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. सुदर्शन हे नाव आपल्याकडच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ओळखीचं आहे. त्यांच्या ‘एक्सडेटा’ या कामात आधी लिहिलेला प्रश्न जरासा बिघडवतात: ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा तितकंच’, एका प्रकारच्या जोडणीच्या जागी दुसरी. मग असा छोटासा डेटा यंत्राकडून शोधून काढतात की ज्यावर मूळ प्रश्न आणि बिघडलेला प्रश्न वेगवेगळी उत्तरं देतील. लाखो ओळींच्या खऱ्या डेटात जी चूक कधीच उघडी पडली नसती, ती या चार-दोन नेमक्या ओळींत उघडी पडते. विद्यार्थ्यांनी लिहिलेली उत्तरं तपासायलाही ही पद्धत वापरली गेली.

बेळगावात उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटपासून मच्छेच्या व्हीटीयूपर्यंत हा विषय शिकणारी मुलं शेकड्यांनी आहेत. यातलं काहीही पाहायला त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. पोस्टग्रेसचा कोड उतरवून घ्यायचा, बांधायचा आणि ‘मेक चेक’ म्हणायचं. साध्या लॅपटॉपवर थोड्याच मिनिटांत दोनशेहून अधिक चाचण्यांची नावं एकाखाली एक उमटतात, प्रत्येकीपुढे ‘ओके’ आणि लागलेले मिलिसेकंद. नंतर क्रम लावणाऱ्या कोडमध्ये एखादी तुलना मुद्दाम उलटी करून तोच हुकूम पुन्हा द्यावा, म्हणजे नापास झालेल्यांची फाइल उघडून एकेक फरक वाचता येतो: कुठली ओळ कुणाच्या पुढे गेली, कुठली नाहीशी झाली, आणि त्या एका उलट्या तुलनेवर आत किती काय काय उभं होतं.